घर न जाळता : मेंदूतील विषाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती



आपल्या शाळेत तीन दशकांहून अधिक काळ विज्ञान शिकविणाऱ्या सरांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. मी आयुष्यभर मराठी शिकविली. माझा प्रबंध जुन्या मराठी गद्यावरचा. तेव्हा आज संतसाहित्यावर किंवा बडोद्याच्या मराठी परंपरेवर काही ऐकावयास मिळेल, अशा अपेक्षेने जे आले असतील त्यांची आरंभीच क्षमा मागतो. मी बोलणार आहे ते मेंदूत शिरलेल्या विषाणूंविषयी, आणि आपले शरीर त्यांना तेथून कसे घालविते याविषयी. मी वैद्य नव्हे. या शाळेचा एक माजी विद्यार्थी मेंदूविकारांचा तज्ज्ञ आहे. त्याने हा मजकूर वाचून माझ्या चुका दुरुस्त केल्या आहेत. तरीही काही उणे राहिले असेल तर ते माझे.

हा विषय मी का निवडला, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

१९६६ साली मी अकरावीत होतो आणि माझा धाकटा भाऊ याच शाळेत पाचवीत होता. आम्ही दांडिया बाजारात राहत असू. भाऊ हुशार, विशेषतः पाढ्यांत. त्या वर्षी पावसाळा सरता सरता त्याचे अक्षर बिघडले, गणिते चुकू लागली. मग त्याच्या हातून वस्तू पडू लागल्या. दौत लवंडे, वाटी निसटे, पाटीवर रेघ ओढता ओढता हात एकदम झटका देई. वर्गात त्याला बाकावर उभे करण्यात आले. घरी आई रागावली. एका रात्री माझ्या अभ्यासाच्या वहीवर त्याने शाई सांडली आणि मी त्याला फाडकन मुस्कटात मारली. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, "दादा, मी मुद्दाम नाही करत रे."

ते खरे होते, हे प्रथम ओळखले ते सरांनी. एका तासाला त्यांनी भावाला टेबलाजवळ बसविले, मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवले आणि पाऊण तास त्याचा हात पाहत राहिले. झटका दर सात-आठ सेकंदांनी येत होता, अगदी नियमित. संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि अण्णांना म्हणाले, "हा खोडकरपणा नव्हे. खोडकर मूल घड्याळ लावून खोड्या करीत नाही. याला मोठ्या डॉक्टरांकडे न्या."

मुंबईस नेले. मेंदूचा विद्युत्-आलेख काढला. त्या कागदावर तसेच ठरावीक अंतराने येणारे उंच तरंग होते. डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितले आणि या आजारास औषध नाही असेही सांगितले. पुढे भावाची वाचा गेली, मग नजर, मग ओळख. १९६८ च्या जानेवारीत तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी सरांना विचारले होते, "सर, गुडघा खरचटला तर शरीर तो आपोआप बरा करते. पडसे आपोआप जाते. मग डोक्यातला आजार शरीराला का बरा करता आला नाही?" सरांनी खोटा दिलासा दिला नाही. ते म्हणाले, "मला माहीत नाही." त्या काळी ते जगात फारसे कोणालाच माहीत नव्हते. आज पुष्कळ माहीत आहे. सर नाहीत. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून त्या प्रश्नाचे उत्तर, मला उमगले तेवढे, मराठीत मांडावे, एवढाच आजचा हेतू.

शरीराची नेहमीची रीत

प्रथम विषाणू म्हणजे काय ते पाहू. जिवाणू ही स्वतंत्र पेशी असते. ती आपले अन्न आपण मिळविते, आपली वाढ आपण करते. विषाणू तसा नाही. तो म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला एक आज्ञापत्राचा तुकडा. तो आपल्या पेशीत शिरतो आणि त्या पेशीच्याच यंत्रसामग्रीकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. म्हणजे शत्रू घराबाहेर नसतो, घरातच वस्तीला असतो.

अशा वेळी शरीर काय करते? बाहेर वाहत्या विषाणूंना प्रतिपिंडे पकडतात. ही रक्तातली विशिष्ट प्रथिने होत. बी-पेशी आणि त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पेशी ती घडवितात. परंतु जो विषाणू आत शिरला त्याचे काय? त्यासाठी टी-पेशी आहेत. विषाणूने ग्रासलेली पेशी आपल्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे दाखविते. मारक टी-पेशी ती खूण ओळखते आणि त्या पेशीचाच नाश करते. पेशी मेली की तिच्यातला विषाणूचा कारखाना बंद पडतो. उंदीर मारण्यासाठी घर पेटविण्याची ही रीत. पण त्वचेत, घशात, आतड्यांत ती परवडते, कारण तेथे जळालेल्या घराच्या जागी चार दिवसांत नवे घर उभे राहते. पडसे आपोआप जाते ते असे.

मेंदूत हे चालत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतील जवळजवळ सर्व जन्माच्या सुमाराला असतात त्याच आयुष्यभर पुरवावयाच्या असतात. मेलेल्या चेतापेशीच्या जागी दुसरी येत नाही. शिवाय चेतापेशी ही सुटी वीट नव्हे. तिचे हजारो धागे इतर पेशींशी जोडलेले असतात आणि त्या जोडण्यांतच आपले पाढे, आपली भाषा, आईचा चेहरा, घरचा रस्ता साठविलेला असतो. नवी पेशी कोणी आणून बसविली तरी तिला हे काहीच ठाऊक नसणार. तेव्हा येथे प्रतिकारशक्तीपुढे पेच असा की विषाणू घालवावयाचा, पण घर जाळावयाचे नाही.

तटबंदी आणि तिच्यातील वाटा

निसर्गाने या पेचावर पहिला उपाय केला तो तटबंदीचा. १८८५ साली पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सारी इंद्रिये रंगली, मेंदू मात्र रंगला नाही. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ साली उलटा प्रयोग केला; रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. या वेळी मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये भिंत आहे, हे यावरून दिसून आले. आज आपल्याला कळते की मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्यामधून बहुतेक पदार्थांना आणि पेशींना सहज जाता येत नाही.

या भिंतीमुळे एक समज दीर्घकाळ रूढ राहिला की मेंदू प्रतिकारसंस्थेच्या कक्षेबाहेर आहे. १९४८ साली पीटर मेडावर यांनी सशांवर प्रयोग केले. परक्या सशाच्या त्वचेचा तुकडा मेंदूत बसविला तर तो टिकून राही. शरीर त्याला नाकारीत नसे. पण त्याच परक्या त्वचेची ओळख त्या सशाच्या शरीराला आधी अन्यत्र झालेली असेल, तर मेंदूतला तुकडाही नष्ट होई. या प्रयोगाचा पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहिला; दुसरा भाग अधिक बोलका होता. मेंदूत लढाई सहसा सुरू होत नाही, परंतु बाहेर एकदा सैन्य जागे झाले की त्याला आत जाण्याची वाट ठाऊक असते.

२०१५ साली दोन स्वतंत्र संशोधक-गटांनी, एक अमेरिकेतील आणि दुसरा फिनलंडमधील, उंदरांच्या मेंदूच्या आवरणांत लसीकावाहिन्या असल्याचे दाखविले. मेंदूतील द्रव या वाटेने मानेतील गाठींपर्यंत पोहोचतो, आणि त्या गाठींतच टी-पेशींना शत्रूची खबर मिळते. म्हणजे मेंदू हा टपाल न पोहोचणारा दुर्ग नव्हे. त्याचे टपाल जाते. फक्त दरवाज्यावर पहारा कडक आहे.

हा पहारा पूर्ण बंद केला तर काय होते, तेही एका दुर्दैवी अनुभवाने कळले. नॅटालिझुमॅब हे औषध मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात संरक्षक पेशींना मेंदूत शिरू देत नाही. त्या विकारात या पेशीच मेंदूची हानी करतात, म्हणून हा उपाय. अमेरिकेत २००४ च्या अखेरीस त्याला मान्यता मिळाली आणि २००५ च्या फेब्रुवारीत ते मागे घ्यावे लागले. काही रुग्णांत जेसी नावाच्या विषाणूने मेंदू पोखरला होता. हा विषाणू असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात निद्रिस्त असतो आणि एरवी काही करीत नाही. २००६ साली ते औषध कडक अटींवर परत आले. आपल्याला जाणवतही नाही अशी गस्त मेंदूत रोज चालू असते, हे त्या घटनेने शिकविले.

सिंदबिसच्या विषाणूने दिलेले उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चेतापेशीत विषाणू शिरलाच, तर तिला न मारता तो कसा निघतो?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर एका सामान्य विषाणूने दिले. १९५२ साली इजिप्तमध्ये कैरोजवळच्या सिंदबिस या गावातील डासांत तो सापडला. उंदरांत तो नेमका चेतापेशींत शिरतो, आणि प्रौढ उंदीर बहुधा त्यातून बरे होतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डायान ग्रिफिन आणि बेथ लेव्हिन यांनी या उंदरांचा बारकाईने अभ्यास केला. १९९१ साली त्यांनी असे उंदीर घेतले, की ज्यांना जन्मतःच प्रतिपिंडे किंवा टी-पेशी तयार करता येत नव्हत्या. त्यांच्या मेंदूत विषाणूने कायमचे ठाण मांडले. मग त्यांना बाहेरून या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे दिली. विषाणू नाहीसा झाला आणि चेतापेशी जिवंत राहिल्या.

हे घडते कसे? या विषाणूच्या प्रती चेतापेशीच्या आत तयार होतात, पण बाहेर पडण्यासाठी त्यांना पेशीच्या पृष्ठभागावर यावे लागते. तेथे विषाणूची प्रथिने भिंतीत रुतलेली असतात. प्रतिपिंडे नेमकी त्यांनाच धरतात आणि एकमेकींत गुंतवितात. त्यामुळे विषाणूला बाहेर पडता येत नाही. नवलाची गोष्ट अशी की ही पकड भिंतीच्या बाहेर असली तरी तिचा संदेश आत पोहोचतो आणि आतले उत्पादनही मंदावत जाऊन थांबते. वाड्यात घुसलेल्याला मारण्यासाठी वाडा पेटविला नाही. त्याचा दिंडीदरवाजा धरून ठेवला आणि आतला शिधा तोडला.

दुसरे साधन आहे इंटरफेरॉन. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी हा पदार्थ ओळखला. त्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील गॅमा नावाचा प्रकार टी-पेशी सोडतात. तो चेतापेशीला सांगतो की, तुझ्याच यंत्रसामग्रीत असे बदल कर, की विषाणूला प्रती काढता येऊ नयेत. २००१ साली ग्रिफिन यांच्याच प्रयोगशाळेत दिसून आले की हा पदार्थ मेंदूचा देठ आणि मज्जारज्जू येथील चेतापेशींतून विषाणू घालवितो, परंतु मेंदूच्या बाह्यकातील पेशींत त्याचा तसा परिणाम होत नाही. म्हणजे सर्व चेतापेशीही एकसारख्या नाहीत. जी टी-पेशी अन्यत्र मारेकरी असते, ती येथे निरोप देणारी होते. शरीराचे हे तारतम्य मला थक्क करते.

पण येथे एक खोच आहे, आणि ती या साऱ्या विषयाचा गाभा आहे. पेशी मारली तर विषाणू तिच्याबरोबर संपतो. पेशी राखली, तर विषाणूच्या आज्ञापत्राचे तुकडे तिच्या आत शिल्लक राहू शकतात. बऱ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत सिंदबिस विषाणूचे असे अवशेष वर्षभराहून अधिक काळ सापडले. ज्या उंदरांना प्रतिपिंडे केवळ बाहेरून दिली होती, त्यांच्यांत ती प्रतिपिंडे ओसरल्यावर विषाणूने पुन्हा डोके वर काढले. निरोगी उंदरांत तसे होत नाही; कारण प्रतिपिंडे घडविणाऱ्या पेशी त्यांच्या मेंदूतच मुक्काम करतात आणि दीर्घकाळ पहारा देतात. मेंदूतून विषाणू घालविणे म्हणजे त्याला एकदा हाकलून निश्चिंत होणे नव्हे. घर वाचविण्याची किंमत म्हणून शरीराला तेथे कायमचा रखवालदार ठेवावा लागतो.

उशीर आणि अतिरेक

हे सारे नीट जुळून येण्यासाठी वेळ लागतो. प्रतिपिंडे आणि टी-पेशी यांची नवी फौज उभी राहण्यास साधारण आठवडा जातो. तोवर इंटरफेरॉनचे प्राथमिक प्रकार आणि मेंदूतील मायक्रोग्लिया नावाच्या रखवालदार पेशी यांच्यावर भिस्त असते. काही विषाणू एवढाही अवकाश देत नाहीत. चांदीपुरा विषाणूचे नाव आपण गुजरातेत २०२४ च्या पावसाळ्यात वृत्तपत्रांतून रोज वाचले. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा या गावातील तापाच्या रुग्णांत पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो शोधला. वाळूमाशी त्याचा प्रसार करते. २००३ साली आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली. सकाळी ताप, दुपारी आकडी आणि दुसऱ्या दिवशी मृत्यू, असे पुष्कळ मुलांत घडले. तेथे प्रतिकारशक्ती हरते असे म्हणण्यापेक्षा ती रणांगणावर पोहोचतच नाही, असे म्हणणे न्यायाचे होईल.

याउलट कधी फौज फार जोरात येते. उंदरांच्या मेंदूच्या आवरणांस सूज आणणारा एक विषाणू आहे. तो स्वतः पेशींना फारसा अपाय करीत नाही. तरी प्रौढ उंदराच्या मेंदूत तो टोचला तर उंदीर आठवडाभरात मरतो. मात्र त्याची प्रतिकारशक्ती आधीच दडपून ठेवली तर तो विषाणूसह जगतो. मारतात त्या स्वतःच्याच टी-पेशी. कवटी हाडाची आहे; आत सूज आली तर पसरावयास जागा नाही. म्हणून मेंदूज्वराच्या रुग्णात डॉक्टरांना विषाणूइतकीच सुजेचीही चिंता वाहावी लागते.

माझ्या भावाच्या मेंदूत काय झाले

आता मी सरांना विचारलेल्या प्रश्नाकडे येतो.

माझ्या भावाला तो दीड वर्षाचा असताना, १९५७ साली, गोवर आला होता. त्या काळी गोवर हा आजार मानलाच जात नसे. अंगावर पुरळ उठे, मूल आठवडाभर मलूल राही, घरात फोडणी देत नसत, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावीत, आणि मग सारे विसरून जात. आम्हीही विसरलो. नऊ वर्षांनंतर त्याच्या हातातून दौत पडली, तेव्हा या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असेल हे कोणाच्या स्वप्नीही आले नाही.

भावाच्या आजाराला मराठीत रूढ नाव नाही. वैद्यकात त्याला सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस म्हणतात. १९३३ साली अमेरिकेतील डॉसन यांनी अशा एका मुलाच्या चेतापेशींत विचित्र ठिपके पाहिले आणि हे काम विषाणूचे असावे असा तर्क केला. १९६५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्या ठिपक्यांत गोवराच्या जातकुळीच्या विषाणूसारखे तंतू दिसले. १९६७ साली बेलफास्टच्या डॉक्टरांनी अशा मुलांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या द्रवात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे विलक्षण प्रमाणात असल्याचे दाखविले. माझा भाऊ तेव्हा अंथरुणावर होता. १९६९ साली अशा रुग्णांच्या मेंदूतून प्रत्यक्ष गोवराचा विषाणू वाढवून दाखविण्यात आला. तोवर तो जाऊन वर्ष झाले होते.

बेलफास्टचा तो निष्कर्ष वाचताना कोणीही चक्रावेल. प्रतिपिंडे विलक्षण प्रमाणात होती! म्हणजे शरीराने शत्रू ओळखला होता. फौज कमी नव्हती, उलट जरुरीपेक्षा जास्त होती. सिंदबिसच्या विषाणूला प्रतिपिंडांनी घालविले, मग गोवराला का नाही?

याचे उत्तर विषाणूने बदललेल्या वाटेत आहे. प्रतिपिंडे पेशीच्या दारावर काम करतात, हे आपण पाहिले. १९८८ साली झुरिचच्या संशोधकांना आढळले की या मुलांच्या मेंदूतील गोवराच्या विषाणूत असंख्य बदल झालेले असतात. विशेषतः ज्या प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू पेशीबाहेर पडण्याची जुळणी करतो, ते प्रथिनच निकामी झालेले असते. एरवी अशा बदलांनी विषाणू लुळा पडला असता. येथे तोच त्याचा बचाव ठरतो. तो दाराशी येतच नाही. चेतापेशी जेथे एकमेकींना भिडतात, त्या सांध्यातून तो एका पेशीतून दुसरीत सरकतो. प्रतिपिंडे अंगणात उभी राहतात आणि चोर भिंतीतल्या भगदाडातून या घरातून त्या घरात जात राहतो. १९७९ साली प्रयोगशाळेतील पेशींवर आणखी एक गोष्ट दिसली होती. गोवराची प्रतिपिंडे पेशीच्या पृष्ठभागावरील विषाणूची प्रथिने काढून टाकतात, तेव्हा ती पेशी इतर रक्षकांना ओळखूच येत नाही. पहारेकऱ्यानेच चोराची खूण पुसावी, तसे हे झाले.

टी-पेशी असे विषाणू घालवू शकत नाहीत, असेही नाही. चेतापेशींत गोवराचा विषाणू शिरू शकेल असे खास उंदीर तयार करून २००२ साली पाहण्यात आले. प्रौढ उंदरांच्या टी-पेशींनी गॅमा इंटरफेरॉनच्या बळावर, चेतापेशी न मारता, संसर्ग आटोक्यात आणला. अगदी लहान मुलांची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते; ही पहिली चकमक तिला पूर्ण जिंकता येत नसावी, असे तज्ज्ञ मानतात. म्हणूनच हा विकार बहुधा दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना गाठतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या सुमारे १४०० मुलांमागे एकाला, आणि वर्षाच्या आत गोवर झालेल्या सुमारे ६०० मुलांमागे एकाला हा विकार जडतो. पूर्वी समजत होतो तितका तो विरळा नाही.

तर सर, आपल्या विद्यार्थ्याला मिळालेले उत्तर असे आहे. माझ्या भावाच्या शरीराने हात टेकले नव्हते. ते अखेरपर्यंत लढत होते. मेंदूतल्या पेशी अमूल्य असल्याने तेथे लढाई हळुवार हातांनी करावी लागते, आणि त्या हळुवारपणाचाच फायदा घेऊन शत्रू भिंतीत दडून राहिला.

शेवटी

मेंदूत शिरलेल्या या विषाणूला हमखास घालविणारे औषध अद्याप नाही. काही औषधांनी काही रुग्णांचा आजार लांबला किंवा थबकला, इतकेच. परंतु त्याला मेंदूच्या दारापर्यंत पोहोचूच न देणे सर्वस्वी आपल्या हातात आहे. गोवराची लस अमेरिकेत १९६३ साली आली. आपल्या देशाच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती १९८५ पासून आहे, आणि दुसरी मात्रा २०१० पासून दिली जाऊ लागली. आज ती रुबेलाच्या लसीसह नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. लसीतला विषाणू हा विकार निर्माण करतो का, याचाही शोध घेतला गेला. रुग्णांच्या मेंदूंतील विषाणूंची जनुकीय तपासणी झाली तेव्हा तो प्रत्येक वेळी बाहेरचा, रानटी विषाणूच निघाला. नऊ महिन्यांखालील तान्ह्यांना एरवी लस दिली जात नाही; त्यांचे रक्षण आजूबाजूच्या मुलांनी लस घेतलेली असण्यावर अवलंबून आहे. आपल्यातील आजी-आजोबांनी घरी जाऊन नातवंडांची लसीकरणाची कार्डे एकदा काढून पाहावीत. दुसऱ्या मात्रेची चौकट रिकामी असेल तर ती भरून घ्यावी. व्याख्यानाचे एवढे फलित मला पुरे आहे.

बडोद्यात विद्येचा व्यवहार लोकांच्या भाषेत व्हावा, हा आग्रह जुना आहे. १९३१ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश निघाला, तो याच आग्रहातून. माझ्या आईला तिच्या मुलाच्या आजाराचे नाव शेवटपर्यंत उच्चारता आले नाही. तिने ते दैव म्हणून स्वीकारले आणि गोवराच्या दिवसांत आपल्या हातून काही पथ्य चुकले असेल, म्हणून ती मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली. तिला तिच्या भाषेत कोणी हे समजावून सांगितले असते, तर तो भार उतरला असता. माझा भार मात्र त्याने उतरत नाही. ती चपराक मी मारली होती आणि ती मला आजही आठवते.

समोर बसलेल्या शिक्षक-शिक्षिकांना शेवटची एक विनंती. उद्या आपल्या वर्गात एखाद्या चांगल्या मुलाचे अक्षर अचानक बिघडले, हातून वस्तू पडू लागल्या, तर त्याला बाकावर उभे करण्याआधी थोडा वेळ घड्याळ समोर ठेवून त्याच्याकडे पाहावे. सरांनी पाऊण तास पाहिले होते. त्यांच्या त्या पाहण्याने माझा भाऊ वाचला नाही. पण त्यानंतर त्याला कोणी मारले नाही. उरलेला काळ तो आमच्या घरात खोडकर मुलगा म्हणून नव्हे, आजारी मुलगा म्हणून राहिला. हे ऋण फेडण्यासारखे नाही. ते आपल्यासमोर मान्य करून मी येथे थांबतो.